पुरावा कशाला म्हणायचं? बायंडिंगच्या टेबलावरून दिसलेलं विद्यापीठ

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपी, झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. शिवाजी विद्यापीठ इथनं गाडीवर अगदी जवळ, त्यामुळं पीएचडीचे प्रबंध टाईप करायला, प्रिंट काढायला आणि बांधून घ्यायला पोरं-पोरी माझ्याकडं येतात. गेल्या महिन्यात एकाच दिवशी टेबलावर चार प्रबंध आले. एक काचेवर चढवलेल्या पातळ थरांवर, एक मोडीतल्या, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीतल्या कागदांवर, एक जमिनीपासून 80-90 किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांवर (विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं त्यासाठीचं रडार आहे, आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतच नाही) आणि एक आपल्याकडच्या बायका "मी जातो" का म्हणतात त्यावर. चारीला तेच काळं रेक्झिन, तीच सोनेरी अक्षरं, तेच "पीएच.डी. पदवीसाठी सादर केलेला प्रबंध".

कागद घ्यायला आलेले एक काका ते बघून म्हणाले, "ह्यातलं खरं संशोधन कुठलं म्हणायचं? काचेचं तेवढं पटतंय बघा. बाकीच्यांचं आपलं वाचायचं नि लिहायचं." मला तिथं उभ्या-उभ्या नीट सांगता आलं नाही आणि चहा येईपर्यंत काका गेले पण. ते सांगायचं राहून गेलं म्हणून हे लिहितोय. मी स्वतः संशोधक नाही, पण इतकी वर्षं लोकांची पानं टाईप करताना "हे म्हणजे काय हो?" असं विचारत आलोय, आणि पोरं जीव लावून सांगतात, कारण घरात त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, घरात फक्त "कधी संपणार?" एवढंच विचारतात.

आधी एक गोष्ट साफ करू. माहिती जमवणं म्हणजे संशोधन नाही. पन्हाळ्यावरची दहा पुस्तकं वाचून अकरावं लिहिलं तर ते पुस्तक चांगलं असेलही, पण संशोधन कधी म्हणायचं, तर असा प्रश्न घेतला ज्याचं उत्तर आजवर कुणाकडं नव्हतं, किंवा होतं पण कच्चं होतं, आणि मिळालेलं उत्तर कसं काढलं हे इतकं उघडं करून लिहिलं की दुसरा कुणीही येऊन त्यातली चूक दाखवू शकेल. हे दोन्ही पाहिजे. आणि ह्या दोन गोष्टी काचेला, मोडीला, वाऱ्याला, "मी जातो"ला, सगळ्यांना सारख्याच लागू आहेत. मग विषयाप्रमाणं बदलतं काय? माझं म्हणणं, बदलतो तो पुरावा. कशाला पुरावा म्हणायचं, तो कुठनं आणायचा आणि पक्का आहे हे कसं तपासायचं, एवढं समजलं की कुठल्याही डिपार्टमेंटचा प्रबंध आपल्याला निदान दारातनं तरी आत जाऊन बघता येतो.

काचेचं आधी घेऊ, कारण ते डोळ्यांना दिसतं. फिजिक्सच्या एका मुलीनं मला तिच्या लॅबमध्ये नेलं होतं, कसलेतरी फोटो प्रबंधात नीट बसवायचे होते म्हणून. टेबलावर चार काचेची भांडी ओळीनं. पहिल्यात कॅडमियमच्या क्षाराचं पाणी, दुसऱ्यात नुसतं शुद्ध पाणी, तिसऱ्यात गंधक असलेल्या क्षाराचं पाणी, चौथ्यात परत शुद्ध पाणी. हातात चिमट्यानं धरलेली काचपट्टी, मायक्रोस्कोपखाली ठेवतात तसली. पहिल्यात बुडवायची, काही सेकंद थांबायचं, दुसऱ्यात धुवायची, तिसऱ्यात बुडवायची, चौथ्यात धुवायची. झाली एक फेरी. काचेवर काही म्हणजे काही दिसत नाही. अशा पाच झाल्या, दहा झाल्या, तरी नाही. मग तिनं ती काच खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि हळदीचं बोट पुसल्यावर फडक्यावर राहते ना, तशी पिवळी झाक दिसली. कॅडमियम आणि गंधक काचेवर येऊन एकमेकाला चिकटले होते, थरावर थर.

मला लगेच संक्रांतीचा काटेरी हलवा आठवला. आई परातीत तीळ घेऊन मंद शेगडीवर चमचा-चमचा पाक घालत बोटांनी फिरवत बसायची, घाई करून एकदम पाक ओतला की सगळ्याचा गोळा, थोडा-थोडा घातला की एकेक थर चढतो आणि काटा येतो. थिन फिल्मचं गणित तसंच, फक्त हे थर नॅनोमीटरमध्ये मोजायचे, आणि माणसाचा एक केस साधारण 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर जाड असतो, ह्यावरून अंदाज घ्या. ह्या थरांचा उपयोग सोलर सेलमध्ये होतो, गॅस ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये होतो, झटकन चार्ज होणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये होतो, आणि ह्या कामात कोल्हापूरची माणसं कित्येक वर्षं मुरलेली आहेत.

तर हिचा पुरावा काय? थरावर एक्स-रे टाकला की तो ठराविक कोनांत जास्त जोरानं परततो आणि आलेखावर टोकं उठतात, त्या टोकांच्या जागेवरून आतले अणू कसे रचलेत ते कळतं. पण एक आलेख म्हणजे पक्का पुरावा नाही. पक्का कधी, तर लांबच्या कुठल्यातरी लॅबमधल्या अनोळखी माणसानं हिचा प्रबंध समोर ठेवून तेच क्षार, तेवढंच तापमान, तेवढ्याच फेऱ्या केल्या आणि त्यालाही तसाच थर मिळाला तर. म्हणून सायन्सच्या प्रबंधातला पद्धतीचा चॅप्टर इतका बारीक-बारीक आणि रटाळ असतो, ती पाककृती आहे, त्यात मीठ चवीपुरतं चालत नाही. ह्या मुलीचा थर पाच महिने नीट बसत नव्हता, सोलून निघायचा. शेवटी कळलं की क्षारात काही चूक नव्हती, काच धुण्यात होती, बोटाचा तेलकटपणा राहत होता. पाच महिने त्यात गेले आणि प्रबंधात त्याचं एकच वाक्य आलं: काचपट्ट्या अमुक प्रकारे धुतल्या. ते वाक्य टाईप करताना मला माहीत होतं त्याच्या मागं काय आहे ते.

मोडीवाल्या पोरीचं सगळं उलटं. तिचा पुरावा परत करून बघताच येत नाही. 1771 साल परत एकदा घडवून बघू, असं म्हणता येत नाही.

तिच्याकडं काय असतं, तर दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. बोरूनं लिहिलेलं, आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्या खाली हात न उचलता लिहीत जायचं, त्यामुळं शब्द कुठं संपला नि दुसरा कुठं सुरू झाला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही. आणि तारीख अशी: "सन इसन्ने सबैन मया व अलफ". हा शुहूर सन, अरबी आकड्यांत. इसन्ने म्हणजे 2, सबैन 70, मया 100, अलफ 1000, बेरीज 1172. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे की इसवी सन, म्हणजे 1771-72. दोन आकडे कशासाठी, तर हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतं, आपल्या शेतकऱ्याचा मिरग. म्हणजे कागद मिरगाच्या आधीचा की नंतरचा हे बघून साल ठरवायचं. मी हे ऐकलं तेव्हा अर्धा तास दुकानातलं काम सोडून बेरजा करत बसलो होतो.

तारीख लागली म्हणजे सगळं झालं असं नाही. हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्याला त्यात काय मिळवायचं होतं, हे विचारायचं. वतनाच्या भांडणातला कागद असेल तर लिहिणारा आपल्या बापजाद्यांचा पराक्रम वाढवून सांगणारच. मग त्याच प्रसंगाचा दुसऱ्या बाजूचा कागद शोधायचा, इंग्रज वखारीचं पत्र असेल, पोर्तुगीज नोंद असेल, फारसी अखबार असेल. दोन भांडणारे जेव्हा एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती बहुतेक खरी असते. इतिहासातला पुरावा असा साक्षीदारांच्या उलटतपासणीतनं पक्का होतो. शिवाजी विद्यापीठ 1962 साली सुरू झालं तेव्हाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे, महाराणी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित करून छापली. कागद वाचून, तारखा लावून, पुढच्यांना वापरता येतील असे मांडून ठेवणं, हे काम किती वर्षं खातं हे बाहेरून कळतच नाही.

आणि उपयोग विचारणाऱ्यांसाठी एक सांगतो. 2023 मध्ये राज्य सरकारनं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा जुनी रजिस्टरं वाचायला मोडी जाणणारी माणसं एकदम हवीशी झाली. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत हीच माणसं मोडी कशाला शिकताय म्हणून ऐकून घेत होती.

हे परत न करता येणं फक्त इतिहासाचंच आहे असं समजू नका. खगोलशास्त्राचं तेच आहे. डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म 1938 चा, आपल्या कोल्हापुरातला, त्यांनी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाबद्दल स्वतंत्र सिद्धांत मांडला, बिग बँगला, म्हणजे विश्व एका महास्फोटातनं सुरू झालं ह्या मताला, पर्याय म्हणून जन्मभर वाद घातला. ह्या वादात कुणालाही लॅबमध्ये विश्व तयार करून दाखवता येत नाही. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सीचा, जो उजेड आज डोळ्यात येतो तो तिथनं साधारण 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे आकाशाकडं बघणं म्हणजे एक जुना कागदच वाचणं झालं. सायन्स आणि आर्ट्स असा जो आपण दहावीनंतर रस्ता फाडतो ना, त्यात खगोलवाला एका बाजूला जातो नि इतिहासवाली दुसऱ्या, पण दोघांची अडचण एकच, पुरावा भूतकाळातनं जेवढा आला तेवढाच, जास्तीचा मागवता येत नाही.

साहित्यातल्या संशोधनाला लोक सगळ्यात जास्त नावं ठेवतात, आणि त्यातला एक भाग मला माझ्या झेरॉक्स मशीनमुळं समजला, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. माझ्या जुन्या मशीनच्या काचेवर एक ओरखडा आहे. त्यामुळं तिथनं निघालेल्या प्रत्येक कॉपीवर उजव्या कडेला वरून चार बोटांवर एक बारीक काळी रेघ येते. पोरं नोट्स घेऊन आली की मी ती रेघ बघून सांगतो, ही माझ्याकडची कॉपी. दोन रेघा असल्या, एक पुसट आणि एक ठळक, तर ती माझ्याकडच्या कॉपीची परत माझ्याकडंच काढलेली कॉपी. आणि मुळात जो शब्द कडेला कापला गेला तो पुढच्या सगळ्या कॉप्यांत कापलेलाच राहतो, कितीही चांगल्या मशीनवर काढा. हे मी असंच गप्पांत बोललो, तर मराठी शिकवणारे एक सर समोर उभे होते, ते म्हणाले, "अहो, ही तर पाठचिकित्सा झाली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. छापखाने यायच्या आधी पोथ्या हातानं उतरवून घ्यायचे. उतरवणारा माणूस चुकतो, ओळ गाळतो, अवघड शब्दाच्या जागी सोपा घालतो, कधी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी घालतो. त्याच्यावरून जो पुढं उतरवतो तो ह्या चुका तशाच घेतो आणि आपल्या दोन वाढवतो. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 सालची, आणि एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली ती शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली. मधली जवळजवळ 300 वर्षं हातानं उतरवण्यात गेलेली. मग मूळ शब्द कुठला? त्यासाठी जमतील तेवढ्या पोथ्या समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची, आणि लक्ष चुकांवर ठेवायचं. बरोबर ओळ तर सगळ्यांकडं बरोबरच असणार, त्यातनं नातं कळत नाही. पण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली तर त्या दोघी एका आईच्या. असं करत पोथ्यांची वंशावळ काढायची आणि वर-वर सरकत मुळाच्या जवळ जायचं. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताचं असं काम झालं, 1919 ला सुरू झालं आणि 1966 ला पुरं झालं, 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. ज्यांनी सुरू केलं त्यातल्या कितीतरी जणांना ते संपलेलं बघायला मिळालं नाही.

आता खरी गंमत ऐका. त्याच आठवड्यात बायोटेकच्या एका पोराचा प्रबंध आला, जीवाणूंच्या डीएनएवर. त्यातही तेच झाड, फांद्यांना फांद्या फुटलेल्या. मी विचारलं तर तो म्हणाला पेशी डीएनएची कॉपी काढताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते, आणि दोन जीवाणूंत एकच चूक सापडली तर त्यांचा पूर्वज बहुतेक एक. करोनाच्या वेळी व्हेरियंट कुठला कुठनं आला हे ज्या पद्धतीनं सांगत होते ती हीच. पोथीवाले सर आणि जीवाणूवाला पोरगा, दोघांची गाठ मी माझ्या दुकानात घालून दिली, दोघं पाऊण तास बोलत उभे होते, गिऱ्हाईकांना वाट काढून जावं लागत होतं. एका कॅम्पसवर इतकी वर्षं राहून हे कधी एकमेकांशी बोलले नव्हते ह्याचं मला फार वाईट वाटलं.

गणिताचं थोडक्यात सांगतो, कारण माझ्या आवाक्यात तेवढंच आहे. 1742 मध्ये गोल्डबाख नावाच्या माणसानं एक अंदाज केला, आज तो असा सांगतात: 2 पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. 10 म्हणजे 3 आणि 7, 28 म्हणजे 11 आणि 17. कॉम्प्युटरवर हे 4 वर 18 शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झालंय, एकदाही चुकलेलं नाही. फिजिक्सवाला म्हणेल झालं की सिद्ध. गणितवाला म्हणतो नाही, पुढची एखादी चुकली तर? त्यांच्याकडं उदाहरणांचा ढीग हा पुरावाच नाही, पायरीला पायरी जोडून अशी सिद्धता पाहिजे की अपवादाला जागाच उरणार नाही. ती अजून कुणाला जमलेली नाही. सगळ्या विद्यापीठात सगळ्यात कडक न्यायाधीश ह्या डिपार्टमेंटमध्ये बसतात.

आता "मी जातो". आपल्या कोल्हापूरकडं, बेळगावकडं बायका सर्रास "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" म्हणतात. पुण्याला गेल्या की लोक हसतात, आणि पोरी मग बोलायच्या आधी विचार करायला लागतात. भाषाशास्त्र म्हणतं हसण्यासारखं ह्यात काही नाही, नियम आहे, फक्त वेगळा आहे. त्याचं एक स्पष्टीकरण शेजारच्या कानडीतनं येतं. कानडीत "नानु बंदे" हे बाप्यानं म्हटलं काय आणि बाईनं म्हटलं काय, सारखंच, "मी"बरोबर क्रियापदाला लिंग लागत नाही. शेकडो वर्षं दोन भाषा एका अंगणात राहिल्या की असं देणंघेणं होतं. पण हे "असेल" म्हणून चालत नाही, पुरावा लागतो, आणि इथं पुरावा म्हणजे खरोखरचं बोलणं. ह्यात अडचण अशी की बाईला समोर बसवून "तुम्ही कसं म्हणता, आले की आलो?" असं विचारलं की ती शाळेतलं उत्तर देते, "आले". म्हणून ही पोरगी गावोगावी जाऊन, परवानगी घेऊन, फोन रेकॉर्डिंगला लावून बायकांना लग्नाच्या, बाळंतपणाच्या, यात्रेच्या गोष्टी सांगायला लावायची. पंधरा-वीस मिनिटांनी माणूस रेकॉर्डिंग विसरतो आणि मग "मी म्हटलो, जातो की गं" बाहेर पडतं. म्हातारीचं वेगळं, सुनेचं वेगळं, नातीचं वेगळं, ते सगळं ऐकून ऐकून लिहून काढायचं. एक तासाचं बोलणं उतरवायला तिला दोन-दोन दिवस लागायचे. माझी आई जन्मभर "मी आलो" म्हणायची. तो प्रबंध बांधताना मी हात धुऊन बसलो होतो.

बॉटनीवाल्यांचा पुरावा तर मी हातात घेऊन बघितलाय. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात कंदीलपुष्पं उगवतात. नाव बरोबर आहे, फूल अगदी कंदिलासारखं. खाली फुगीर, वर नळी. माशी वासानं आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले असतात त्यामुळं तिला बाहेर येता येत नाही, आत परागकणांचं काम झालं की केस सुकतात नि माशी सुटते. ह्या वनस्पतींवर शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादवांचं मोठं काम आहे, आणि विद्यापीठाच्या बागेत दुर्मीळ झाडं जपली जातात. नवीन जात सापडली असं म्हणायचं असेल तर फोटो काढून भागत नाही. झाड दाबून, सुकवून, जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून, कुठं, कधी, कुणाला मिळालं ते लिहून हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या झाडांच्या संग्रहात, ठेवायचं, आणि त्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलं जातं. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्यानं तोच कागद काढून बघायचा. 2011 संपेपर्यंत तर नवीन झाडाचं वर्णन लॅटिनमध्येच द्यावं लागायचं, 2012 पासून इंग्रजी चालायला लागली.

माणसांवरचं संशोधन मला सगळ्यात अवघड वाटतं. पुराचं उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगं सांगतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. आता ह्या एका पुरात किती डिपार्टमेंटं लागतात बघा: पाऊस किती नि कुठं पडला हे हवामानवाल्यांचं, पाणी उतरायला इतका वेळ का लागला हे भूगोल आणि इंजिनिअरिंगचं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा वाद हा कायद्याचा, पाण्यानंतरचे आजार मायक्रोबायोलॉजीचे. आणि माणसं वेळेत बाहेर का पडली नाहीत, हा सोशिऑलॉजीचा.

त्या शेवटच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एकाची प्रश्नावली मी तीनदा टाईप केली. पहिल्यांदा प्रश्न होता, "पूर येणार हे कळूनही तुम्ही घर का सोडलं नाही?" तो पाच-सहा घरांत विचारून बघून परत आला आणि म्हणाला, लोक गप्प बसतात, काहीजण चिडतात, त्यांना वाटतं आपल्याला दोष देतोय. दुसऱ्यांदा जरा मऊ केला, तरी तेच. तिसऱ्यांदा प्रश्नच काढून टाकला आणि लिहिलं, "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा." मग निघालं सगळं. दावणीला दोन म्हशी होत्या. सासूला उचलून न्यायला माणूस नव्हता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "2005 ला पायरीपर्यंतच आलं होतं की." म्हणजे मागच्या पुराची आठवण हीच ह्या वेळी आड आली. काचपट्टी द्रावणात बुडवताना भांड्याला राग येत नाही, माणसाला येतो, म्हणून इथं पुरावा गोळा करायची रीतच पुरावा बदलून टाकते, आणि चांगला संशोधक ते प्रबंधात लपवत नाही, पहिली प्रश्नावली कशी फसली तेही लिहितो. त्यानं लिहिलं होतं.

हे सगळं इतकं वेगवेगळं असताना मोजायचं माप मात्र एकच लावतात, ह्याचा मला मनापासून राग येतो. किती पेपर छापले, किती जणांनी उल्लेख केला. थिन फिल्मवाल्यांचे पेपर चार-सहा जणांच्या नावानं आणि भराभर निघतात, ते त्यांच्या कामाच्या स्वभावाला धरून आहे, त्यात गैर काही नाही. पण जी बाई दहा वर्षं बसून एक कागदपत्रांचा खंड संपादित करते, मराठीत, तिच्या खात्यावर त्या दहा वर्षांत काय दिसतं? एक पुस्तक. हा हिशोब म्हणजे ऊस आणि आंबा दोन्ही बारा महिन्यांत तोडायला आला पाहिजे म्हणण्यासारखं झालं. कलमाला फळ धरायलाच काही वर्षं जातात.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर दोन दारं उघडी आहेत. एक म्हणजे शोधगंगा, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही भरपूर आहेत. आधी प्रस्तावना वाचा आणि मग थेट शेवटचा चॅप्टर, मधलं नंतर. आणि दुसरं, पीएचडीचा शेवटचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, खुला असतो, मागं जाऊन बसता येतं.

मोडीवाल्या पोरीच्या व्हायव्हाला मी गेलो होतो, दुकान दोन तास पोराकडं देऊन. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा तिसरा चॅप्टर उघडला आणि विचारलं, "ज्या पत्रावर हे सगळं उभं केलंय ते नंतर कुणीतरी बनवलेलं असेल तर?" खोली शांत झाली. ती म्हणाली, पत्रात मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी आहे आणि वार पण आहे, जंत्रीला, म्हणजे जुन्या तारखा नि वार जुळवायच्या कोष्टकाला, लावून बघितला, वार जुळतो. ह्याच मजकुराचं उत्तर दुसऱ्या घराण्याच्या दप्तरात आहे, तेही बघितलं. आणि तरीसुद्धा उद्या ते खोटं निघालं तर तिसरा चॅप्टर पडेल, चौथ्यातली दोन पानं पडतील, बाकीचं राहील, कुठलं वाक्य ह्या पत्रावर टेकलंय ते प्रत्येक ठिकाणी तळटीपेत दिलंय. परीक्षकांनी चष्मा वर करून पानं उलटली, खाली बोट फिरवत एकेक तळटीप बघत गेले, मान हलवली आणि पुढचा प्रश्न काढला. त्या तळटीपा मीच टाईप केल्या होत्या, 640 होत्या.